आधी काठ, मग बोट

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आहे आणि त्या मतदारसंघातले पहिले मतदान केंद्र मणिबेलीचे. निवडणूक आली की या भागातल्या नर्मदाकाठच्या केंद्रांसाठी कर्मचारी मतदान यंत्रे घेऊन बोटीत किंवा बार्जवर बसतात, कारण सातपुड्याच्या त्या टोकाला रस्त्यापेक्षा पाण्याची वाट जवळची पडते. मतदान एका दिवसात उरकते. गावातल्या माणसाला मात्र वर्षभर दवाखाना, रेशन, शाळा आणि बाजार लागतो, आणि त्यासाठी त्याला डोंगर चढून मोलगी हे बाजाराचे गाव गाठावे लागते.

जलवाहतुकीचा विस्तार हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते. भाऊचा धक्का, गेटवे, मांडवा, एलिफंटा, वर्सोवा-मढ, गोराई. ते बरोबरच आहे. पण फेरीसेवेचे नियोजन म्हणजे नेमके काय, त्यात कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, हे समजून घ्यायचे तर मोलगीच्या उत्तरेचा, नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा फुगवटा मुंबईपेक्षा चांगला धडा देतो. मुंबईत फेरी नसली तर लोकल आहे, बस आहे, आता अटल सेतूही आहे. नियोजनातली चूक तिथे झाकली जाते. नर्मदेच्या काठावर ती झाकायला दुसरे काही नाही.

नदीचा झाला तलाव

नर्मदा महाराष्ट्रातून वाहते असे म्हणण्यापेक्षा ती महाराष्ट्राला चाटून जाते असे म्हणणे अधिक नेमके होईल. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर तिचा प्रवाह आहे. पलीकडच्या तीरावर वरच्या अंगाला मध्य प्रदेश आणि खालच्या अंगाला गुजरात आहे. अलीकडे अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, हे दोन तालुके.

सरदार सरोवराची पायाभरणी १९६१ साली झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला आणि धरणाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर ठरली. महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित ठरली, त्यांपैकी अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली २४. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, बामणी, डनेल, मुखडी, गमन, मांडवा ही अक्कलकुव्याकडची नावे नर्मदा आंदोलनाच्या बातम्यांमधून महाराष्ट्राला ठाऊक झाली. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. २००६ मध्ये धरणाची उंची १२१.९२ मीटर झाली, २०१७ मध्ये दरवाजे बसून काम पूर्ण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. भरलेल्या जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर आहे. सरासरी रुंदी मात्र दोन किलोमीटरहूनही कमी. म्हणजे हा गोल तलाव नसून डोंगरांच्या खाचेत साठलेला लांबच लांब पट्टा आहे.

या पट्ट्याने गावांचा भूगोल उलटापालटा केला. पूर्वी नदीकाठाने आणि नाले ओलांडून एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाणाऱ्या पाऊलवाटा होत्या. त्या बुडाल्या. नाल्यांच्या तोंडातून पाणी आत शिरले आणि शेजारच्या दोन टेकड्यांमध्ये खाडीसारखी फट पडली. समोर दिसणाऱ्या घरी जायला होडी लागू लागली. पुनर्वसन होऊन अनेक कुटुंबे खालच्या वसाहतींत गेली, पण बरीच माणसे वरच्या उतारांवर घरे हलवून राहिली. त्यांच्यासाठी जलवाहतूक हा हौसेचा विषय नव्हता. दवाखान्यापासून मतदानापर्यंत सरकारलाही तीच वाट धरावी लागली. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका हे शब्द नंदुरबारच्या प्रशासनात रुळले ते यामुळे. २०२० साली करोनाच्या धास्तीने पाड्यांवरच्या बाया अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने मासेमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्ही मारत गरोदर बायका आणि तान्ही बाळे यांची तपासणी चालू ठेवली. देशभर तिचे कौतुक झाले, ते रास्तच होते. नियोजनकाराने मात्र त्या बातमीतून आणखी एक गोष्ट टिपायला हवी. जिथे सार्वजनिक सेवेला वाट नसते, तिथे ती एखाद्या माणसाच्या खांद्यांवर आणि दंडांवर चालते, आणि त्या माणसाची बदली झाली की थांबते.

काठ हलतो, तेव्हा

कोणत्याही फेरीचे पहिले कोडे बोटीचे नसते, काठाचे असते. माणूस पाण्यात बुडतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा तो बोटीत चढताना किंवा उतरताना घसरतो, आणि प्रवासातला वेळही तिथेच वाया जातो.

मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीमुळे पाण्याची पातळी उधाणाच्या दिवशी पाच मीटरच्या आसपास वरखाली होते. हे दिवसातून दोनदा घडते आणि वर्षभराचे तक्ते आधीच छापून मिळतात. ओहोटीला पायऱ्या शेवाळलेल्या, भरतीला त्याच पायऱ्या पाण्याखाली, हा अनुभव गेटवेवर चढलेल्या प्रत्येकाला आहे. तरी तिथला काठ रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी परत येतो.

सरदार सरोवराची किमान पातळी ११०.६४ मीटर आणि पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. दोन्हींतले अंतर २८ मीटर भरते, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढे. दरवर्षी पाणी एवढे उतरतेच असे नाही, पण धक्का बांधणाऱ्याला या सगळ्या टप्प्याचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर पाणी वर चढते, हिवाळा-उन्हाळ्यात हळूहळू खाली जाते. कधी किती चढेल हे वरच्या धरणांतून येणारे पाणी, गुजरातची सिंचनाची गरज आणि वीजनिर्मिती यांवर ठरते. काठावरच्या गावाचा त्या निर्णयात हात नसतो.

आता जरा हिशेब करू. रुग्णाला झोळीतून किंवा स्ट्रेचरवरून धोका न होता नेता यावे, म्हणून उतार दर बारा मीटरला एक मीटर असा ठेवायचा म्हटले, तर २८ मीटर उंचीसाठी ३३६ मीटर लांबीचा उतार लागेल. सातपुड्याचा खडा काठ कोरून प्रत्येक गावात असा उतार काढणे सोपे नाही. उलट नाल्याच्या मुखाशी जमीन मऊ आणि उतार मंद असतो. तिथे काम सोपे वाटते, पण पाणी थोडे उतरले की काठ दूर जातो आणि मधे गाळ उघडा पडतो. गुडघाभर चिखलातून गरोदर बाईला कसे नेणार? म्हणजे खड्या काठावर चढ मारतो आणि मंद काठावर चिखल.

एका जागी पक्का सिमेंटचा धक्का बांधून हे कोडे सुटत नाही. तो वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो आणि काही महिने उंचावर कोरडा. यावर उपाय आहेत. तरंगता धक्का, म्हणजे पोंटून, पाण्याबरोबर वरखाली होतो. त्याला काठाशी जोडणारा पूल एका बाजूला बिजागरीवर असतो. कोचीच्या वॉटर मेट्रोत असेच तरंगते धक्के आहेत, त्यामुळे बोटीचा डेक आणि धक्का एका पातळीत राहतात आणि चाकाची खुर्चीही सरळ आत जाते. मात्र कोचीत पातळी थोडीच बदलते. २८ मीटरसाठी एकच पूल पुरत नाही. उतारावर ठरावीक उंचीवर पक्के टप्पे बांधायचे आणि पोंटून हंगामाप्रमाणे एका टप्प्यावरून दुसऱ्यावर ओढून न्यायचे, ही पद्धत इथे अधिक जुळते. ते ओढण्याचे काम कुणाचे, हे मात्र आदेशात लिहिलेले हवे. नाहीतर फेब्रुवारीत पोंटून कोरड्यावर बसते आणि लोक पुन्हा दगडांवरून उड्या मारू लागतात.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने हा धडा महागात घेतला. जानेवारी २०११ च्या पुरात तिथल्या नदीफेरीचे अनेक धक्के मोडले, काही वाहून गेले. नवे बांधताना त्यांनी पुराचे पाणी आणि वाहून येणारे ओंडके अंगावर घेता येतील अशी रचना केली. शहर श्रीमंत होते म्हणून ते जमले हे खरे, पण विचाराची दिशा पैशावर अवलंबून नव्हती. काठावरची सर्वांत वाईट अवस्था कोणती, हे धरून आराखडा काढायचा.

कोण जाते, कुठे जाते, आणि कोण जातच नाही

काठानंतर माणसे. मोलगी हे या डोंगराळ भागाचे बाजाराचे गाव. आमचूर, मोहाची फुले, चारोळी, भगर इथे विकायला येते आणि मीठ, तेल, कपडा, औजारे परत जातात. ग्रामीण रुग्णालय इथे आहे, पोलीस ठाणे इथे आहे. इथून देवगोई घाटाने अक्कलकुव्याला उतरता येते आणि दुसरी वाट धडगावला जाते. नर्मदेच्या काठावरून येणारा माणूस आधी पाण्याने रस्त्याशी जोडलेल्या बोटीच्या घाटापर्यंत येणार, मग जीपने मोलगीला. त्याच्या दृष्टीने हा एकच प्रवास आहे. सरकारच्या दृष्टीने मात्र पाण्याचा तुकडा एका खात्याचा, रस्त्याचा दुसऱ्याचा आणि जीप कुणाचीच नाही.

गेटवे-मांडवा मार्ग टिकला त्याचे एक साधे कारण इथे कामाला येते. तिथल्या काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. बोट लागली की बस उभी. प्रवाशाला ओसाड धक्क्यावर रिक्षा शोधावी लागत नाही. याउलट २०२२ च्या फेब्रुवारीत गाजावाजात सुरू झालेली मुंबई-बेलापूर वॉटर टॅक्सी पाहा. स्पीडबोटीचे भाडे आठशे ते बाराशे रुपयांच्या घरात होते आणि धक्क्यापासून कचेरीपर्यंतचा प्रवास वेगळाच. पाण्यावरचा वेळ वाचला, दोन्ही टोकांना तो खर्च झाला. रोजच्या चाकरमान्याने ती सेवा आपली मानली नाही.

प्रवाशांची मोजणी करताना आणखी एक फसगत होते. आज बोटीने किती लोक जातात ते मोजले आणि तेवढी मागणी धरली, तर आकडा नेहमी कमी येतो. जो म्हातारा डोळे दाखवायला गेलाच नाही, जी मुलगी आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आली नाही, ज्याने आमचूर मोलगीला न नेता दारावर आलेल्या व्यापाऱ्याला पडत्या भावाने दिले, ते या मोजणीत कुठेच नसतात. म्हणून इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गेल्या वर्षी तुम्ही कुठे जायचे टाळले? या प्रश्नाची उत्तरे पाड्यावर, लोकांच्या बोलीत, बायकांना वेगळे बसवून घेतली तर फेरीचे थांबे आणि वार आपोआप ठरतात. बाजाराच्या दिवशी मोठी बोट लागेल, रेशन येते तेव्हा माल चढवायला सपाट तळाचा बार्ज लागेल, लसीकरणाच्या दिवशी सकाळची फेरी उशिरा निघून चालणार नाही.

मणिबेलीसारख्या धरणाजवळच्या गावाची ओढ गुजरातकडे असते, कारण केवडिया जवळ आहे. वरच्या अंगाची गावे धडगावकडे पाहतात. म्हणजे सगळ्यांना मोलगीला आणायचे हा नकाशावरचा हट्ट ठरेल. फेरीचा मार्ग तालुक्याच्या हद्दीवरून आखायचा नसतो, तो लोकांच्या पायांनी आधीच आखलेला असतो.

मुक्कामी बोट

आता वेळापत्रक. एक काल्पनिक मार्ग घेऊ: लांबी २४ किलोमीटर, मधे आठ थांबे, बोटीचा वेग ताशी १२ किलोमीटर. नुसता प्रवास दोन तासांचा. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटे धरली तर ४० मिनिटे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दोन तास चाळीस मिनिटे. दोन्ही टोकांना वीस-वीस मिनिटे विश्रांती धरली की एक पूर्ण फेरी बरोबर सहा तासांची होते.

डिसेंबरात इथे उजेड साधारण अकरा तास असतो. बोट रस्त्याच्या घाटावर ठेवली आणि सकाळी सातला सोडली, तर शेवटच्या गावी ती नऊ चाळीसला पोचेल, दहाला परत फिरेल आणि बारा चाळीसला घाटावर येईल. पुढे जीपचा दीड तास धरा. शेवटच्या गावचा माणूस मोलगीत दोन वाजून गेल्यावर पोचतो. बोटीची दुसरी फेरी एकच्या सुमारास निघून गेलेली असते. त्याला रात्र मोलगीत काढावी लागते. कागदावर मार्ग सुरू असतो, बोट वेळेवर धावत असते, आणि तरी त्या माणसाच्या उपयोगाची नसते.

तीच बोट रात्री शेवटच्या गावात मुक्कामाला ठेवा. सातला ती तिथून निघते, नऊ चाळीसला घाटावर, अकराच्या पुढे प्रवासी मोलगीत. बाजार, दवाखाना, बँक उरकून तो एकला जीप पकडतो, पावणेतीनला बोटीत बसतो आणि साडेपाचच्या आत घरी. दिवसाला फेरी एकच झाली, पण ती कामाची झाली. महाराष्ट्राला हे नवे नाही. एसटीची मुक्कामी गाडी गेली कित्येक दशके हेच करत आली आहे. चालक-वाहक गावात झोपतात आणि पहाटेची पहिली गाडी गावातून शहराकडे सुटते, शहरातून गावाकडे नाही. मुक्कामी बोटीसाठी चालकाला राहायला खोली, इंधनाचा कुलूपबंद साठा आणि वाऱ्यात बोट सुरक्षित राहील असा आडोसा लागतो. हा खर्च इंजिनाच्या किमतीपुढे किरकोळ आहे, पण निविदेत तो सहसा नसतो. मधल्या पाच तासांत बोट घाटावर रिकामी उभी राहते, याला हिशेबनीस नाक मुरडेल. त्या वेळात तिला जवळच्या चार गावांची आखूड फेरी देता येते किंवा आरोग्य पथकाला घेऊन जाता येते.

याच हिशेबातून एक उपयोगी गोष्ट निघते. बोटीचा वेग १२ वरून १५ केला तर एका दिशेला २४ मिनिटे वाचतात, आणि त्यासाठी इंधन बरेच जास्त जळते, कारण पाण्याचा विरोध वेगाच्या तुलनेत फार झपाट्याने वाढतो. आता काठ वाईट आहे आणि प्रत्येक थांब्यावर चढ-उताराला पाचऐवजी दहा मिनिटे लागतात असे धरा. आठ थांब्यांवर मिळून ४० मिनिटे गेली. म्हणजे वेगवान इंजिनाने जे कमावले त्याहून जास्त चिखलाने गमावले. फेरीचा वेग काठावर ठरतो असे म्हणायचे ते याच अर्थाने.

बोट कशी असावी

काठ आणि वेळापत्रक ठरले की बोट निवडणे तुलनेने सोपे होते. डोंगरातून बुडालेल्या या जलाशयात पाण्याखाली झाडांचे बुंधे आणि खडक आहेत, पातळी उतरली की ते वर येतात. तेव्हा पंखा सुरक्षित राहील अशी, कमी पाण्यात चालणारी, पुढून उघडणारा उतार असलेली बोट हवी, म्हणजे ती काठाला नाक लावून उभी राहू शकते. आत स्ट्रेचर आडवे बसायला हवे. गोणी, बकऱ्या, मोटारसायकल यांना वेगळी जागा हवी, नाहीतर त्या माणसांच्या जागा खातात.

ऊर्जेचा पर्याय केरळने दाखवला आहे. जानेवारी २०१७ मध्ये वैकोम ते तवनकडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ आसनांची सौरबोट सुरू झाली. छपरावरची सौरपटले आणि बॅटरी यांवर ती धावते. मंद वेग, संथ पाणी आणि भरपूर ऊन या तिन्ही गोष्टी सातपुड्याच्या फुगवट्यात वर्षातला बराच काळ असतात. डिझेल डोंगर ओलांडून आणावे लागते तिथे तर हा विचार अधिकच करण्यासारखा आहे. पावसाळ्याचे महिने मात्र वेगळे मोजावे लागतील. आणि इथेच समुद्रकिनाऱ्यापेक्षा या भागाचे गणित उलटे आहे. मुंबई-मांडव्याच्या लहान बोटी पावसाळ्यात बंद ठेवता येतात, कारण लोकांना रस्त्याचा लांबचा का होईना, पर्याय असतो. सातपुड्यात पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, नाले फुगतात आणि रस्ता तुटतो. बोटीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच पाणी सर्वांत अवघड असते.

भाररेषा

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंट्याला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. मुंबईचे अपघात सर्वांना आठवतात. आतल्या पाण्यावरचे लवकर विसरले जातात. २०१९ च्या मकर संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटून माणसे बुडाली. २१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले.

या चारही घटनांची कारणे सारखी नाहीत. पण अपघातानंतर होणारी चर्चा सारखीच असते: लाइफ जॅकेट का नव्हती? जॅकेट हवीतच. पण ती शेवटची फळी आहे. त्याआधी तीन गोष्टी येतात. पहिली, बोटीच्या बाहेरच्या अंगावर ठळक रंगाची भाररेषा. ती पाण्याखाली गेली की बोट सुटायची नाही, आणि हे वाचायला अक्षरओळख लागत नाही. दुसरी, वारा सुटल्यावर फेरी रद्द करण्याचा अधिकार चालकाला असणे आणि त्याबद्दल त्याचा रोज न कापणे. तिसरी, सणाच्या आणि बाजाराच्या दिवशी जादा फेऱ्या. गर्दीचे दिवस पंचांगात आधीच छापलेले असतात. त्या दिवशी एकच बोट ठेवायची आणि मग लोक दाटीवाटीने चढतात म्हणून लोकांना दोष द्यायचा, यात नियोजन कुठे आले?

जुना १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला. यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाचे प्रमाणपत्र या गोष्टी त्यात आहेत. पण तपासणी करणारा अधिकारी मुंबईत आणि बोट डनेलला असेल, तर कायदा कागदावरच राहतो. तपासणी वर्षातून ठरलेल्या आठवड्यात घाटावरच व्हायला हवी.

पैसा कुणाचा, पाणी कुणाचे

तिकिटातून फेरीचा पूर्ण खर्च निघावा ही अपेक्षा फार थोड्या ठिकाणी पुरी होते. कोकणात दाभोळ-धोपावे मार्गावर २००३ पासून सुवर्णदुर्ग शिपिंगची फेरीबोट वाहने घेऊन धावते आहे. तिथे खाडी ओलांडली की रस्त्याचा मोठा वळसा वाचतो आणि वाहनधारक त्याचे पैसे देतो. गोव्यात नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी पायी प्रवाशाला फुकट नेतात, कारण सरकारने त्यांना रस्त्याचाच भाग मानले आहे. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा, बामणोली भागात जिल्हा परिषदेच्या लाँच चालत आल्या आहेत आणि जीपगाड्या पलीकडे नेण्यासाठी तराफा आहे. मोलगीच्या उत्तरेसाठी कोयनेचा नमुना सर्वांत जवळचा आहे: धरणाने तोडलेली डोंगरी गावे, तुरळक वस्ती आणि जिल्हा परिषदेची सेवा.

कोची वॉटर मेट्रोचे मूळ नियोजन ७८ बोटी, ३८ धक्के आणि ७६ किलोमीटरचे. पहिले मार्ग एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाले. २०२५ मध्ये मुंबईसाठी तशाच सेवेचा अभ्यास कोची मेट्रोकडे सोपवला गेला. कोचीत सुरुवातीचे किमान तिकीट २० रुपये ठेवले गेले आणि बेटांवरची माणसे हा आराखड्याचा पाया होता. मुंबईने कोचीकडून बोटीचा नमुना घेण्याआधी हे घ्यावे. बोट चकचकीत आणि तिकीट हजाराचे, असा प्रयोग मुंबईने करून पाहिला आहे.

नर्मदेवर आणखी एक गुंता आहे. पाणी तीन राज्यांत पसरलेले, धरण गुजरातमध्ये, पातळीचा निर्णय तिथे आणि प्रवासी महाराष्ट्रात किंवा समोरच्या मध्य प्रदेशात. २०१६ च्या कायद्याने नर्मदेचा २२६ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ ठरला. मालवाहतुकीच्या नजरेने पाहिले तर हा आकडा मोठा आहे. काठावरच्या माणसाला त्यातून एक साधी गोष्ट मिळाली तरी पुरे: पुढच्या आठवड्यात पाणी किती चढणार किंवा उतरणार याची सूचना, मोबाइलला रेंज नसलेल्या पाड्यापर्यंत पोचेल अशी. मुंबईच्या सारंगाला भरतीचा तक्ता मिळतो. नर्मदेच्या नावाड्यालाही तो मिळायला हवा. त्याचा समुद्र चंद्रावर नाही, धरणाच्या दरवाजांवर चालतो, एवढाच फरक.

खर्चाचा क्रम

हे सारे एका ओळीत मांडायचे तर खर्चाचा क्रम असा लागतो. पहिला पैसा काठावर: उतार, टप्पे, पोंटून, सावली आणि दिवा. दुसरा पैसा चालकावर: प्रशिक्षण, नियमित पगार, मुक्कामाची खोली. तिसरा पैसा जोडणीवर, म्हणजे बोट लागली की घाटावर उभी असलेली जीप किंवा एसटी. बोट चौथ्या क्रमांकावर येते. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो, कारण बोटीला हिरवा झेंडा दाखवता येतो. चिखलावर टाकलेल्या फरशीला कोण झेंडा दाखवणार?

आणि सेवा चांगली की वाईट हे ठरवायला प्रवाशांची संख्या पुरेशी नाही. गर्दीच्या गावांतून ती सहज फुगवता येते. त्यापेक्षा कडक कसोटी ही: मार्गावरच्या शेवटच्या गावातली, कडेवर लेकरू असलेली बाई सकाळी निघून मोलगीला जाऊन, काम उरकून, उजेड असताना त्याच दिवशी घरी परतू शकते का? वर्षातल्या किती दिवसांना याचे उत्तर ‘हो’ येते, तेवढे दिवस मोजावेत आणि दरवर्षी ते वाढले की नाही हे जिल्हा परिषदेने गावात जाऊन सांगावे. तीच मोजणी मुंबईच्या खाडीपलीकडच्या कामगारालाही लागू पडते. तिथे मोलगीच्या जागी कचेरी किंवा कारखाना येईल, एवढेच.